वकीलबाईंची तपासणी

वकीलबाई हे नाव संस्थेतल्या लोकांनी चेष्टेने पाडलेलं. मुळात त्या शिवणकाम करायच्या. शिडीवरून पडल्या, कमरेखालचं अंग गेलं, आणि धाकट्या भावाने "ताई, चार दिवसांचा तर प्रश्न आहे" म्हणत त्यांना अपंगांच्या संस्थेत आणून सोडलं. त्या चार दिवसांची अकरा वर्षं झाली.

संस्थेत मारझोड नव्हती, उपासमार नव्हती. पण अंघोळ पहाटे पाचला, कारण आयाबाईंची पाळी सहाला संपायची. पन्नाशीच्या बाईच्या न्हाणीघराला आतून कडी नव्हती.

मग त्यांना कळलं, की कायद्याने आपल्याला आपल्या घरात राहता येतं. मदतनीस रोज काही तास सरकारने पाठवायचा. झालं, बाई हात धुऊन मागे लागल्या. अर्जामागून अर्ज. शेजारच्या खाटेवरच्या आक्कांसकट चौदा जणांचे अंगठे घेतले. कचेरीला पायऱ्या, म्हणून चाकाची खुर्ची लावून रस्त्यातच बसल्या. साहेबांना खाली उतरावं लागलं. चार वर्षांनी योजना आली, आणि कुणाला किती मदत लागते याच्या तपासणीला एक अधिकारीण आली.

त्या दिवशी वकीलबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. दीड तास खपून स्वतः कपडे घातले, वेणी घातली. चार लोकांत गबाळं दिसायचं नाही, एवढंच डोक्यात.

"अंघोळ स्वतः करता?"

"करते." पाठ आयाबाई घासतात, हे काही तोंडातून निघालं नाही.

"बाहेर जाता?"

"जाते की! तुमच्याच कचेरीत किती खेटे घातलेत."

अधिकारीण हसली आणि कागदावर खुणा करत गेली.

महिन्याने निकाल आला. आक्कांना रोज सहा तास मदतनीस आणि संस्थेबाहेर तळमजल्यावर स्वतःची खोली. वकीलबाईंच्या नावापुढे शेरा होता, मदतीची गरज नाही.

"मग मला नुसती खोली द्या," त्या संस्थेच्या व्यवस्थापकांना म्हणाल्या.

"मदतनिसाशिवाय एकटं सोडता येत नाही. नियम आहे."

"म्हणजे मदत मागितली की मी धडधाकट, आणि घर मागितलं की लुळी?"

व्यवस्थापकांनी चष्मा पुसला. "बाई, तुम्ही बोलता फार छान. तेच नडलं."

आक्का निघाल्या तेव्हा त्यांना रडू आवरेना. "तुझ्यामुळे झालं गं, आणि तूच इथे!"

"जा आता, गाडी थांबलीय," वकीलबाई म्हणाल्या. त्यांना आनंद झाला होता, खोटं नाही. पण मत्सरही वाटला होता, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

फेरतपासणीच्या अर्जात काय जमत नाही ते लिहायचं होतं. इतकी वर्षं त्यांनी काय जमतं तेच लिहिलं होतं. पाठ धुता येत नाही, त्यांनी लिहिलं. कूस बदलता येत नाही. कधी कधी कपडे खराब होतात, कुणी येईपर्यंत तशीच पडून राहते. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं.

सुनावणीत त्याच अधिकारिणीने अर्ज मोठ्याने वाचला. समोर व्यवस्थापक, शेजारी भाऊ. भाऊ खाली फरशीकडे बघत राहिला.

"रोज एक तास मंजूर," अधिकारीण म्हणाली.

"आणि खोली?"

"खोलीला किमान चार तास लागतात."

वकीलबाईंनी कागद घडी करून मांडीवर ठेवला. "आता दाद कुणाकडे मागायची?"

"आमच्याकडेच," अधिकारीण म्हणाली.