तिसऱ्या प्रयत्नात आठ यार्ड

सोमवारी दुपारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये कोचला जेवायला बोलवायचं आणि जेवू घालून त्याची सालटी काढायची, ही गावाची जुनी रीत. शनिवारचा सामना पडद्यावर लावायचा आणि ज्याला जे खुपलं असेल ते त्याने उभं राहून विचारायचं. वेंडेल हुबाचला या आठवड्यात फार खुपलं होतं.

कॉलेजची अमेरिकन फुटबॉलची टीम तीन गुणांनी हरली होती. दुसऱ्या सत्रापासून शेवटपर्यंत कोच पार्मलीने एकच खेळ लावला. चेंडू मागच्या गड्याच्या हाती द्या आणि मधल्या गर्दीत घुसा. दोन यार्ड, एक यार्ड, शून्य. चारातल्या तिसऱ्या प्रयत्नात पुढे सरकायला आठ यार्ड हवे असतानाही तेच! रीस हॅडॉकसारखा क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा मुख्य गडी, हात म्हणजे नुसती गोफण, आणि तो चेंडू वाटत उभा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो हे ठीक, पण हा बाबा पाणीसुद्धा फुंकत होता.

तक्रार विसरू नये म्हणून वेंडेलने ती सकाळपासून उजव्या हाताच्या बोटांवर टांगून ठेवली होती. अंगठा तर्जनीला लावायचा: कोच भित्रा. मधल्या बोटाला: आठ यार्ड. अनामिकेला: पोराचा हात. करंगळीला: चेंडू फेका. याच टीमच्या पुढच्या फळीत त्याने चार वर्षं डोक्याने धडका दिल्या होत्या, आणि त्या आता सत्तरीत विसराळूपणा होऊन उलटल्या होत्या. घरी बायकोने, लोरेनने, कपाटांवर चिठ्ठ्या डकवल्या होत्या, कप कुठे, गोळ्या कुठे. बोटांची युक्ती मात्र त्याची स्वतःची. ती त्याने तिलाही सांगितली नव्हती.

हॅम आणि बटाटे संपून कॉफी आली तसा तो उठला.

"काय रे कोच, त्या पोराचा हात काय लोणच्यासारखा बरणीत घालून ठेवायचाय?"

हॉल खदखदून हसला. शेजारच्या ग्लेनने टेबल बडवलं. "घाल, अजून घाल!"

"वेंडेल, परिस्थितीच तशी होती," कोच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"कसली डोंबलाची परिस्थिती? शेपूट घातलंस तू! चेंडू फेका!"

मग सगळा हॉलच ओरडायला लागला. "चेंडू फेका! चेंडू फेका!" आठवड्याचा खेळाडू म्हणून पुढच्या टेबलावर बसवलेला रीसही हसला, जरा उशिराने.

कोचने एकदा रीसकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. "बरं बाबांनो, जिंकलात. येत्या शनिवारी चाळीस वेळा फेकू. शब्द देतो."

टाळ्या पडल्या, दिवे मंद झाले, पडद्यावर सामना सुरू झाला. वेंडेल मिशीतल्या मिशीत हसत खुर्चीला टेकला.

दुसऱ्या सत्रात रीसला दोघांनी उचलून आपटलं. हेल्मेट जमिनीवर आदळलं. पोरगं उठलं तेव्हा प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या होत्या, वेंडेलनेही मारली होती. कॅमेरा मात्र त्याच्यावरच थांबला होता. रीस आपलाच समजून सरळ समोरच्या टीमच्या घोळक्याकडे चालत गेला. एका सोबत्याने बाही धरून त्याला मागे ओढलं. हॉलमध्ये कोणीतरी हसलं.

पुढच्या खेळाआधी रीस उभा होता. त्याचा उजवा अंगठा तर्जनीला लागला. मग मधल्या बोटाला. मग अनामिका, करंगळी. त्यापुढच्या खेळाआधीही तेच. वेंडेलने खाली पाहिलं. टेबलक्लॉथवर त्याचा स्वतःचा हात तेच करत होता.

डोकं आपटल्यापासून लक्षात राहत नव्हतं म्हणून पोरगं खेळ बोटांवर टांगत होतं. आणि कोचला ते कळलं होतं. राखीव क्वार्टरबॅकचं गळ्याजवळचं हाड मोडलेलं, म्हणून याला बाहेर बसवायची कोचची छाती झाली नाही. पण चेंडू लगेच दुसऱ्याला द्यायला लावला, म्हणजे याच्या अंगावर कोणी येणार नाही. ती भीती नव्हती. त्या माणसात उरलेली तेवढीच लाज होती, आणि वेंडेलने तीही ओरडून काढून घेतली होती. चाळीस वेळा फेकायचं म्हणजे चाळीस वेळा चेंडू धरून उभं राहायचं, आणि समोरून ते बैल येणार.

सांगायलाच हवं होतं, आत्ताच. त्याने घाईघाईने बोटं भरली. तर्जनी: रीस. मधलं बोट: डोकं. अनामिका: त्याला बसव.

दिवे लागले. "आज कोचला सरळ केलंस बघ!" म्हणत ग्लेनने त्याचा तोच हात धरला आणि दोन्ही हातांनी गदागदा हलवला. पलीकडच्याने लोरेनची चौकशी केली. कोणीतरी कॉफी ओतली.

वेंडेल हात सोडवून उभा राहिला.

"बोला वेंडेल, अजून काही राहिलं का?" कोच म्हणाला.

अंगठा तर्जनीला लागला. तिथे काहीतरी होतं. काहीतरी भयंकर, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. डोळे भरून आले होते. मधलं बोट, अनामिका. पुढच्या टेबलावरून रीस त्याच्याकडे पाहत होता, या आजोबांना कुठे पाहिलंय ते आठवत असल्यासारखा.

अंगठा करंगळीला लागला तसं वेंडेलने तोंड उघडलं. सकाळपासून टांगलेलं तेवढंच बाहेर आलं.

"चेंडू फेका."

छप्पर उडेल अशा टाळ्या पडल्या. "रडतोय बघा म्हातारा!" ग्लेन ओरडला. "किती जीव आहे याचा टीमवर!"

रीसनेही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या जरा मागून.