शेठचा श्रावण

हितेंद्रने शर्टाची बाही खांद्यापर्यंत वर चढवली आणि हात टाकीत घातला. एकेक दगड उचलून त्याखाली पाहिलं, प्लास्टिकच्या हिरव्या झाडांतून बोटं फिरवली, फिल्टरची नळी काढून उजेडात धरली. पट्टेवाला मासा कुठेच नव्हता.

"अजून एक गेला," तो म्हणाला.

जाईबाई खाली चटईवर बसून वाल सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. टाकीच्या कोपऱ्यात शेठ कल्ले हलवत उभा होता आणि थेट त्यांच्याकडेच बघत होता, असं त्यांना वाटलं.

शेठ हा ऑस्कर जातीचा मासा. काळा, हाताच्या पंजाएवढा, अंगावर केशरी डाग. हितेंद्रने आणला तेव्हा बोटाच्या पेराएवढा होता, आणि त्याच पिशवीतून हे पट्टेवाले छोटे मासेही आले होते. लहानपणापासून एकत्र वाढले की एकमेकांना काही करत नाहीत, असं दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं. चाळीत आम्ही काय एकत्र राहत नव्हतो, तरी भांडलोच ना, असं जाईबाईंच्या तेव्हाच ओठांवर आलं होतं.

"उडी मारून बाहेर पडला असेल," स्वयंपाकघरातून अनुजा म्हणाली.

"झाकण आहे वर."

"मग शेठच."

"पोट भरलेलं असलं की शेठ कुणाच्या वाटेला जात नाही." हितेंद्रने हात पुसला. "आई, दुपारची कोळंबी देतेस ना त्याला?"

"देतंय तर."

हे धडधडीत खोटं होतं.

श्रावण लागायच्या आधी जाईबाईंनी फ्रीज धुऊन-पुसून लख्ख केला होता. सुका जवळा, सोडे, बांगड्याचं उरलेलं तिखलं, सगळ्याची वाट लावली होती. राहिला तो फ्रीझरमधला सोललेल्या कोळंबीचा डबा. तो आपला नाही, शेठचा आहे, असं हितेंद्रचं म्हणणं. दोघं ऑफिसला गेली की दुपारी त्यातली कोळंबी काढून, तुकडे करून टाकीत सोडायची, हे काम जाईबाईंचं. एरवी त्या ते आवडीनेही करायच्या. पण श्रावणाच्या पहिल्या दिवशी आंघोळ करून, देवाला बेल वाहून त्या फ्रीझरपाशी गेल्या आणि हात पुढे होईना. दुसऱ्या दिवशीही होईना. तिसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, का म्हणून व्हावा? या घरात राहतो, या घरचं खातो, तर या घरचं पाळायला नको? आमच्या गावी, आचऱ्याला, होड्यासुद्धा नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर ओढून ठेवतात. दर्यालाही जे चुकलं नाही, ते या शेठला का चुकावं? मग त्यांनी त्याला बाजारचे दाणे घातले. ते त्याने तोंडात घेतले आणि थुंकले. तो सोमवार होता, म्हणून उपासाचा भिजवलेला साबुदाणा घातला, तोही थुंकला.

"माजलो मेलो," जाईबाई म्हणाल्या आणि त्यांनी झाकण लावलं.

हे घरात सरळ सांगून टाकायला काय हरकत होती? हरकत होती. आषाढात त्यांच्या हातून कुकर पाण्याविना गॅसवर राहिला होता. मग एकदा दाराला चावी तशीच लटकत राहिली. तेव्हापासून हितेंद्र आणि अनुजा आतल्या खोलीत हळू आवाजात बोलायला लागली होती. 'आचरा' हा शब्द जाईबाईंनी ऐकला होता. 'कोंडीरामकाकांकडे माणसं तरी असतात दिवसभर,' हेही ऐकलं होतं. कोंडीराम म्हणजे त्यांचा धाकटा दीर. भला माणूस, पण दिराच्या ओटीवर पाहुणी म्हणून बसायचं, आणि तेही मरेपर्यंत? काळाचौकीत त्या नवी नवरी म्हणून आल्या होत्या. चाळ पाडून टॉवर झाला तरी समोरच्या दारातल्या बायका त्याच होत्या. इथून हलायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांना या वयात हवी होती. त्यामुळे शेठला कोळंबी दिली नाही असं म्हणायची सोय नव्हती. का दिली नाही हे कुणी विचारलंच नसतं. विसरली, म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हितेंद्रने आपला जुना मोबाइल शोकेसवर फुलदाणीला टेकवून उभा केला.

"ह्या काय?" जाईबाईंनी विचारलं.

"कॅमेरा चालू ठेवलाय. कोण कुणाला खातंय ते कळेल."

"माशांसाठी?"

"मग आणखी कुणासाठी?" तो हसला. अनुजा हसली नाही. ती पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली.

तो दिवस जाईबाईंना मोठा कठीण गेला. मोबाइलची काच त्यांच्यावर डोळा ठेवून होती. टाकी बघायची तर टाकीकडे तोंड करायचं ना, मग सोफा कशाला दिसायला हवा? त्या सोफ्यावर बसल्या नाहीत. दुपारची डुलकी घेतली नाही, कोण जाणे त्याचंही काही काढतील. शेवटी शेठच्या जेवणाची वेळ झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आता खोटं नुसतं बोलून भागणार नाही, करूनही दाखवावं लागणार. त्या आत गेल्या. फ्रीझरचं दार उघडलं, आपटून बंद केलं. मूठ मिटून बाहेर आल्या, टाकीवर मूठ उघडली, बोटं झटकली. शेठ झपकन वर आला. पाण्यावर काहीच नव्हतं. तो तसाच तोंड उघडून थांबला. जाईबाईंना त्याची दया आली, आणि स्वतःचा रागही. नातवंडं असायच्या वयात माशाला फसवायची वेळ आली होती.

शुक्रवारी पुन्हा तेच केलं.

त्या दिवशी हितेंद्र लवकर आला. चहा घेता घेता त्याने मोबाइल हातात घेतला, बोटाने मागे-पुढे करत राहिला आणि एकदम ओरडला.

"अनू, बघ! गिळला! अख्खा गिळला त्याने!"

दोघं पडद्यावर वाकली. जाईबाईंनाही बरं वाटलं. चोर सापडला, विषय संपला. आता शेठ जाईल दुकानात परत आणि हा मोबाइल जाईल खणात.

पण हितेंद्र अजून बघतच होता. त्याने चित्र मागे नेलं, मोठं केलं. पुन्हा मागे नेलं. मग तो उठला आणि फ्रीझर उघडला. डब्यावर बर्फाचा जाड पांढरा थर होता, कुठेही न मोडलेला. अनुजा त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आई," बाहेर येऊन हितेंद्र म्हणाला, "आज शेठला खायला घातलंस?"

"घातलं."

"काय घातलंस?"

त्याने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर एक म्हातारी रिकामी मूठ पाण्यावर उघडत होती आणि बोटं झटकत होती. जाईबाईंनी स्वतःला असं पहिल्यांदाच पाहिलं. खरंच वेड्यासारखं दिसत होतं ते. आता खरं सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही, हे त्यांना कळलं. अपराध पदरात पडला तर पडू दे, पण डोकं ठिकाणावर आहे हे तरी यांना पटेल.

"मी विसरूक नाय," त्या ठामपणे म्हणाल्या. "मुद्दाम देत नाय त्येका. श्रावण आसा. घरात सगळ्यांचो आसा, मगे त्येचो पण. सोमवारी साबुदाणो घातलंय, तो पण खाल्ल्यान नाय. आता ह्यो तुझो कॅमेरो लागलो म्हणून नुसती मूठ दाखवलंय. समजला? सगळा माझ्या ध्यानात आसा."

टाकीतली हवा बुडबुडत होती.

जाईबाई वाट बघत होत्या. हितेंद्र चिडेल, निदान ओरडेल, माझे मासे मेले तुझ्या श्रावणापायी म्हणेल. त्या भांडायला तयार होत्या. पण तो चिडला नाही. तो त्यांच्याजवळ खाली बसला आणि त्यांचा हात हातात घेतला. अनुजाने तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरली होती.

"बरं हं, आई," तो म्हणाला. शेजारच्या लहान पोरांशी बोलताना काढायचा तो आवाज. "शेठचा श्रावण. बरं. आता मला एक सांग, आज वार कोणता आहे?"

जाईबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. पोटच्या पोराने विचारायचा प्रश्न होता हा? त्यांनी हात सोडवून घेतला आणि गुडघ्यावर भार देत उठल्या.

"आई, राहू दे, नका त्रास करून घेऊ," अनुजा म्हणाली.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर सकाळपासून झाकून ठेवलेली पुरणाच्या दिव्याची आरती होती, ताटात हळदकुंकू आणि अक्षता होत्या. श्रावणातला पहिला शुक्रवार, जिवतीचा. ज्यांची लेकरं आहेत त्या आया या दिवशी लेकरांना ओवाळतात. चाळीच्या खोलीत, नवऱ्याच्या गिरणीच्या संपातसुद्धा, हा शुक्रवार त्यांनी कधी चुकवला नव्हता. त्यांनी तो दिवा लावला आणि ताट घेऊन बाहेर आल्या.

"सरळ बस," त्या म्हणाल्या.

हितेंद्र सरळ बसला. त्यांनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि ओवाळायला सुरुवात केली. ज्योत विझू दिली नाही.

त्याने मान जराशी वळवून बायकोकडे पाहिलं.

"हे आज काय मध्येच?" त्याने हळूच विचारलं.

अनुजाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आजच्या शुक्रवारच्या चौकोनात 'जिवतीपूजन' असं छापलेलं होतं.