अंगावरचा कपडा

श्यामलाबाईंना दोन गोष्टींची भीती वाटायची. ढब्बूला काही होईल याची, आणि लोक काय म्हणतील याची. दोन्हीतली मोठी कुठली, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

ढब्बू म्हणजे त्यांचा कुत्रा. रंग गुळाचा, वय उताराला लागलेलं, हृदय अधू, रोज सकाळी पेढ्यात लपवून अर्धी गोळी. नवऱ्याची, म्हणजे सलीलची, बँकेतली बदली नागपूरहून कोलकात्याला झाली तेव्हा ढब्बूही आला. बालीगंजच्या फ्लॅटमध्ये बाई ओट्याशी उभ्या राहिल्या की त्यांच्या पावलांवर अंग टाकायचं, हा नागपुरी शिरस्ता त्यानं तिथंही चालू ठेवला. पहाटे सलीलबरोबर फिरणं, बाकी दिवसभर बाईंचे पाय.

आणि डिसेंबरात साताऱ्याला भाचीचं, मधुवंतीचं लग्न निघालं. भाचीला बोहल्यावर आणायचं ते मामानं, अंतरपाटाच्या वेळी तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानं. एकुलता एक मामा कुत्र्यापायी कोलकात्यात अडकला, असं नणंदेला सांगायची काय बिशाद! बरं, मामीनं एकटीनं मागं राहावं, तर लोक काय म्हणतील? म्हणजे ढब्बूला कुठंतरी ठेवणं आलं.

पण ठेवायचं कुठं? बाई फोनवर शोधायला बसल्या आणि झोप घालवून बसल्या. कुठून कुत्रा पळाला होता, कुठून गोचिडांनी भरून परत आला होता, कुठून आलाच नव्हता. कोलकात्याबाहेर बजबजला असलेल्या एका बोर्डिंगचे फोटो तेवढे झकास होते, हिरवळ काय, चेंडू काय. प्रत्यक्षात निघालं जुनं गोदाम आणि त्याला पत्र्याचं दार. मालक मधाळ बोलत होता, आत मात्र सोडेना. अनोळखी माणसं बघून कुत्री बिथरतात म्हणे. आत वीसेक कुत्री आहेत, हे त्यानंच सांगितलं. बाई कान देऊन उभ्या राहिल्या. फिनेलचा भपकारा येत होता आणि आतून एकही कुत्रं भुंकत नव्हतं. वीस कुत्री, दारात परकी माणसं, आणि हूं की चूं नाही. सलीलचा शर्ट ओढत त्यांनी जे स्टेशन गाठलं, ते मागं वळून न बघता.

शेवटी घराजवळच लाहिरीबाई सापडल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, एका वेळी एकच कुत्रा ठेवणाऱ्या. त्यांनी न विचारता सगळं घर दाखवलं, कपाटामागची फट दाखवली, न्हाणीघराचं दार उघडून दाखवलं. मग दोघांना खुर्चीत बसवून अशी तोंडी परीक्षा घेतली, की सलीलला घाम फुटला. खातो काय, भितो कशाला, झोपतो कुठं. नियमही सांगितले. फोटो पाठवणार नाही. फोनवर मालकाचा आवाज ऐकवणार नाही, कुत्रा दारामागं शोधत बसतो. आणि शेवटचा नियम हिंदीत, सावकाश, वर्गात सांगावा तसा.

“तुम्ही दोन दिवस अंगावर घातलेला कपडा द्यायचा. धुवायचा नाही. माझं नाक त्या कोरोनापासून गेलंय, मला वास कळत नाही. म्हणून तुमच्या शब्दावर घेते.”

बाई हो म्हणाल्या. गाऊन दोन दिवस घातलासुद्धा. पण निघायच्या सकाळी तो पिशवीत भरताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोडणीचा, घामाचा, तेलाचा वास, आणि तो परक्या बाईच्या घरी पाठवायचा? ही मराठी माणसं अशी घाणेरडी, असं नाही का ती म्हणणार? नाक गेलंय तिचं, डोळे तर नाहीत ना गेले! बाईंनी गाऊन मशीनमध्ये टाकला, वर झाकणभर सुगंधी पाणी ओतलं, वाळवला, आणि वापरलेला दिसावा म्हणून हातानं चुरगळला. हो, चुरगळला! दारात लाहिरीबाईंनी विचारलं, अंगावरचाच ना? “अंगावरचाच,” बाई म्हणाल्या. ढब्बूनं पिशवी हुंगली आणि बाईंच्या तोंडाकडे बघितलं.

गाडीत पहिला फोन आला. ढब्बू जेवला नाही, पण पहिल्या दिवशी असं होतं, कपडा जवळ ठेवलाय. बाईंना तो चुरगळलेला गाऊन आठवला. पुढं रेंज जायची, यायची, आणि गेली की त्यांना पत्र्याचं दार दिसायचं. दुसरा फोन साताऱ्यात, ऐन हळदीत. अजून खाल्लं नव्हतं. पाणी कसंबसं. उलटीची उबळ येत होती, बाहेर काही येत नव्हतं. लाहिरीबाईंनी पुन्हा विचारलं, कपडा नक्की न धुतलेला ना? शेजारी नणंद, नणंदेच्या जावा, विहीणबाई. बाई पुन्हा म्हणाल्या, नक्की.

रात्रभर त्यांनी त्या लाहिरीबाईंवरच संशय घेतला. मारलं असेल, उपाशी ठेवलं असेल, गोळी चुकवली असेल. फोटो का नाही पाठवत? स्वतःच्या मनातली खरी गोष्ट मात्र त्यांनी गालिचाखाली ढकलून ठेवली, आणि त्यावर पाय देऊन त्या पडून राहिल्या.

लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकं सुरू झाली आणि तिसरा फोन आला. बाई हात धुवायच्या नळांपाशी पळाल्या. लाहिरीबाई डॉक्टरांच्या दवाखान्यात होत्या. घरच्या आठवणीनं उपास धरला असता तर कपड्यानं फरक पडला असता, असं त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं होतं. म्हणजे पोटात काहीतरी अडकलंय. ढब्बू हात लावू देत नाही, तेव्हा एक्स-रे काढायला भूल द्यावी लागणार. हृदय असं, वय असं, भुलीतून उठेलच याची डॉक्टर खात्री देत नव्हते. मालकांचा होकार हवा होता.

आत ‘शुभमंगल सावधान’ झालं, अक्षता पडल्या, पुढचं अष्टक सुरू झालं. श्यामलाबाईंच्या दोन्ही भीती समोरासमोर उभ्या होत्या, आणि आता मात्र मोठी कुठली ते त्यांना दिसलं.

“भूल देऊ नका,” त्या म्हणाल्या. “मी गाऊन धुतला होता. धुवून चुरगळला होता. मला लाज वाटली.”



“मी तुम्हाला माझं न्हाणीघरसुद्धा उघडून दाखवलं होतं,” लाहिरीबाई म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, घरी न धुतलेलं काही आहे का? फ्लॅटची किल्ली शेजाऱ्यांकडे होती, आणायला वेळ लागला नसता. बाईंनी सगळं घर डोळ्यांपुढं आणलं आणि त्यांना रडू फुटलं. निघायच्या आधी त्यांनी चादरी धुतल्या होत्या, अभ्रे, नॅपकिन, पायपुसणीसुद्धा. अख्ख्या घरात माणसाचा वास असलेली एक चिंधी नव्हती. केवढी ती टापटीप!

फोन तसाच धरून बाई मांडवात शिरल्या. शंभर डोळ्यांदेखत बोहल्यापर्यंत गेल्या, भाचीच्या पाठीशी उभ्या असलेल्या सलीलच्या कानाला लागल्या. नणंदेनं डोळे वटारले. भटजी एक ओळ चुकले. सलीलचा चेहरा उतरला, मग त्यानं चोरासारखं इकडंतिकडं बघितलं.

“माकडटोपी आहे,” तो पुटपुटला. “चपलांच्या कपाटामागं. तू फेकून दे म्हणाली होतीस ना, ती.”

फुटपाथवरून घेतलेली तपकिरी माकडटोपी. दोन हिवाळे पहाटे ढब्बूला फिरवताना घातलेली, एकदाही न धुतलेली. तिच्या वासावरून झालेली भांडणं बाईंना एकेक आठवली. त्यांनी तिथंच, अष्टकाच्या वरताण आवाजात, फोनवर जागा सांगितली.

पुढं जेवणं झाली, बाईंनी पानाला हात लावला नाही. फोन मांडीवर होता. आता मेला असेल, आता मेला असेल, एवढंच डोक्यात. पाठवणीच्या वेळी सगळी मधुवंतीसाठी रडत होती, त्यात यांचंही खपून गेलं. संध्याकाळी निरोप आला. पाणी प्यायला. टोपीत नाक घालून झोपलाय. सकाळी दुसरा, दहीभात चार घास.

लग्नातली साडी बाईंनी बदलली नाही. नणंद म्हणाली वहिनी, निदान प्रवासाला तरी दुसरी नेसा. बाई नाही म्हणाल्या. त्याच साडीत पुणं, त्याच साडीत हावड्यापर्यंतची गाडी, सोबत डब्यातली धूळ, चहाचा डाग आणि दोन दिवसांचा घाम. टॅक्सी घरी न नेता त्यांनी थेट लाहिरीबाईंच्या दारात थांबवली.

ढब्बूच्या बरगड्या मोजता येत होत्या. तोंडात माकडटोपी घेऊन तो लटपटत आला, सलीलला एक धक्का दिला, आणि बाईंच्या साडीच्या निऱ्यांत तोंड खुपसून उभा राहिला. बाई खाली बसल्या. त्यांच्या पावलांवर त्यानं अंग टाकलं, तेव्हा ते अंग किती हलकं झालंय ते त्यांना कळलं.

निघताना श्यामलाबाईंनी मान खाली घालून विचारलं, पुन्हा कधी वेळ आली तर ठेवाल का याला? लाहिरीबाईंनी तो धुतलेला गाऊन घडी घालून त्यांच्या हातात दिला.

“ठेवीन,” त्या म्हणाल्या. “कपडा मात्र साहेबांकडून घेईन.”