दुसरं टोक

सुलतान बाजारात एका कापडाच्या दुकानाच्या वर त्रिवेणीचा नाचाचा वर्ग होता. दुपारी खिडकीतून ऊन आत सरकायचं, खालच्या कोऱ्या कापडाचा वास जिना चढून यायचा आणि रस्त्यावरच्या ऑटोंचा गोंगाट कुठल्या तरी भलत्याच शहरातला वाटायचा. अशा वेळी नाच शिकवायचा की सतरंजी टाकून झोपायचं, हा प्रश्न तिला आजही पडला.

पण झोपायला सवड नव्हती. गुडघ्याने दगा दिला होता. डॉक्टरांनी रंगमंचावरच्या उड्या कायमच्या बंद केल्या होत्या. तिचं सगळ्यात गाजलेलं नृत्य आता भाग्यलक्ष्मीच्या, तिच्या लाडक्या विद्यार्थिनीच्या, अंगात उतरलं नाही तर ते तिच्याबरोबरच संपणार होतं. या विचाराने तिचा जीव कासावीस व्हायचा.

नृत्य तसं साधं होतं. जामबागच्या घराच्या गच्चीवर आई कांजी केलेली साडी ताणायची, तेच त्रिवेणीने नाचात आणलं होतं. हातात साडी नाही. रिकामी हवा धरून एकटीने ओढायची, मध्येच हिसका बसून मागे कलंडायचं आणि अलगद सावरायचं. त्या सावरण्यावर जाणत्यांनी रकानेच्या रकाने भरले होते. त्यात म्हणे बाईचं एकटेपण दिसतं. त्रिवेणीलाही ते पटून गेलं होतं.

भाग्यलक्ष्मी सगळं बिनचूक करत होती, आणि सगळं खोटं वाटत होतं.

"मॅडम, समोर कोण आहे तेच समजंना मला," ती घाम पुसत म्हणाली.

"कोणी नाही. ती एकटी आहे."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्रिवेणीची आई, कुसुमताई, डुलक्या काढत होत्या. लेकीला डबा आणून द्यायचा आणि तिथेच पेंगायचं, हा त्यांचा नेम. त्यांनी एक डोळा उघडला.

"एकटीने कुठे साडी ताणतात गं, त्रिवेणी? दुसरं टोक तुझ्याकडे असायचं. आणि हे कलंडणं माझं नाहीच, तुझं आहे. तुला नेहमी जल्दी. मी तयार व्हायच्या आत ओढायचीस. मी टोक घट्ट धरून ठेवायचे म्हणून पडली नाहीस कधी."

आयुष्यभर त्रिवेणी आई म्हणून जी नाचली ती फ्रॉकमधली उतावळी पोर होती, आणि आईला तर तिने रंगमंचावर उभंच केलं नव्हतं. तिला लाज वाटली, हसूही आलं.

ती लंगडत समोर गेली. उभं राहण्यापुरता गुडघा शाबूत होता. तिने हवेतलं दुसरं टोक दोन्ही मुठींत धरलं.

"ओढ."

भाग्यलक्ष्मीने घाईने ओढलं. हिसका बसला, पोरगी मागे कलंडली. त्रिवेणीने मुठी आवळल्या. पोरगी सावरली, आणि या वेळी ते खरं होतं.

"आता जवळ या दोघी," कुसुमताई पुन्हा डोळे मिटत म्हणाल्या. "घडी कोण घालणार?"

त्रिवेणीच्या नाचात घडी कधी नव्हतीच. हातातलं टोक सांभाळत, लंगडत लंगडत, ती भाग्यलक्ष्मीकडे चालू लागली.