कागदाची मागची बाजू

माजिदाबाईंनी रिटायर झाल्यावर वेबसाइट काढली, तेव्हा विजापूर वेस भागातल्या नातेवाइकांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. चित्रकलेच्या बाईंना शाळेत कुणी विचारलं नाही, ते आता जगात कोण विचारणार? पण बाई हट्टाला पेटल्या. व्हिडिओ बघून बघून शिकल्या, दोनदा केलेलं सगळं पुसून बसल्या, तरी मुलांच्या चित्रांचे जुने गठ्ठे उघडून दर रविवारी थोडी थोडी चित्रं स्कॅन करून चढवत राहिल्या. चित्राखाली मुलाचं नाव आणि इयत्ता. स्वतःचं एकही चित्र त्यांनी तिथं ठेवलं नव्हतं आणि ते त्या येईल-जाईल त्याला सांगत.

अशाच एका रविवारी मोहोळहून वच्छला आली. सुकन्याची आई. सुकन्या आठवीत बाईंच्या हाताखाली होती. पुढं कॉलेजात गेली आणि गेल्या साली डेंग्यूनं वारली. वच्छलानं मोबाइल पुढं धरला. त्यावर सुकन्याचं चित्र होतं, कमरेवर घागर घेतलेली बाई.

“भाच्यानं दावलं मला. रोज उघडते, बाई. तिच्या रेघंवर बोट फिरवते. पोरीनं हात धरल्यावानी वाटतं की. ह्यो कागद तुमच्याकडं आसंल तर द्या. आमच्याकडं कायबी न्हाय उरलं. कपडे, वह्या, समदं तिच्या बापानं सीना नदीत सोडलं.”

“बघते,” बाई म्हणाल्या आणि कपाटाकडं वळल्या. पण ती रेघ सुकन्याची नव्हती. बाईंची शिकवायची रीतच तशी होती. वर्गात फिरता फिरता मुलाच्या हातातली पेन्सिल घ्यायची, वाकडी रेघ खोडायची, पक्की ओढून द्यायची आणि पुढच्या मुलाकडं जायचं. मुलं खूश, आईबाप खूश, परीक्षेत ग्रेडही चांगली. घागरीचा बाक, तिच्याभोवतीचा हात, मान, सगळं बाईंच्या हातचं होतं.

गप्प बसलं तर काय बिघडणार आहे? कपाटातला गठ्ठा उघडताना त्यांनी स्वतःची अशीच समजूत घातली. कागद सापडला तो नेमका पालथा. मागं रंगाचे फराटे होते. ब्रश आधी कागदाच्या पाठीवर चालवून बघायची सुकन्याला खोड, आणि त्यावरून बाईंनी तिला किती झापलं होतं. दोन-तीन घागरी काढून बघितलेल्या, सगळ्या कलंडलेल्या. कोपऱ्यात निळ्या रंगानं माखलेला अंगठा उमटला होता. स्कॅन करताना ही बाजू बघायची बाईंना गरजच वाटली नव्हती.

त्यांनी कागद तसाच, पालथा, वच्छलापुढं ठेवला.

“ही तर खराब झालेली बाजू,” असं म्हणत वच्छलानं तो उलटला आणि घागरीच्या बाकावर बोट टेकवलं.

आता बोलणं भाग होतं. “वच्छलाताई, ती रेघ माझी आहे. तिची खोडून मी काढली. तिच्या हातचं आहे ते मागं.”

वच्छलाचं बोट तिथंच थांबलं.

“म्हंजे इतके दिस मी तुमच्या रेघंवर बोट फिरवत हुते व्हय?”

“हो.”

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. तिनं नुसता कागद पालथा केला, निळ्या ठशावर आपला अंगठा ठेवला आणि रडत बसली. ठसा लहान होता. तिच्या अंगठ्याखाली सगळा झाकला गेला.

कागद पदराखाली घेऊन निघताना ती दारात वळली. “मोबाइलवरचं ते काढून टाका, बाई.”

बाईंनी ते चित्र काढून टाकलं. मग बाकीची बघायला बसल्या. इतक्या वर्षांची लेकरं, कुणी धांदरट, कुणी घाबरट, कुणी हट्टी. आणि प्रत्येकाची घागर तीच, मान तीच, झाडाची फांदीसुद्धा तीच. आपलं एकही चित्र ठेवलं नाही म्हणून मिरवत होत्या आणि अख्खी साइट त्यांचीच निघाली. खाली नावं तेवढी लेकरांची होती, तीही त्यांनीच टाइप केलेली.