हळदीवरून पुढे जात नाही

लग्नाची डीव्हीडी आता कोण घेतं, असं विचारणाऱ्यांनी एकदा मावळात फिरून यावं. पेनड्राइव्हमध्ये कुणीही हात घालतं, मोबाइलमधलं पुसून जातं. डिस्क एकदा लिहून कायमची बंद केली की तिच्यातलं कुणाच्या बापाला बदलता येत नाही. तळेगाव स्टेशनजवळ आमचा स्टुडिओ आहे. माझे अब्बा चाँदभाई कॅसेटच्या काळापासून लग्नांचे व्हिडिओ काढायचे. आता शूटिंगला भाऊ जातो आणि डिस्क मी, म्हणजे लैला, बनवते. मेनू, त्यावरचे फोटो, कोणता भाग कशाच्या मागे लागणार, सगळं माझ्या हातात.

त्या दिवशी इंदुरीचे बाजीराव आले. त्यांच्या वारलेल्या भावाची मुलगी पायल, तिचं लग्न आम्ही काढलं होतं. बाजीरावांनी पत्रिकेच्या पाठीवर क्रम लिहूनच आणला होता: आधी त्यांचा मानाचा फेटा, मग त्यांच्या हस्ते पाहुण्यांचे सत्कार, मग अक्षता, वरात आणि सगळ्यात शेवटी हळद. स्वतःचंच घोडं पुढं दामटायचं म्हटल्यावर नवरीला कोण विचारतो!

"आन् हळदीतलं वहिनीचं तेवढं काडून टाक," ते म्हणाले.

वहिनी म्हणजे पायलची आणि तिच्या धाकट्या बहिणीची आई, रतनबाई. नवरीला पहिली हळद सवाष्णींनी लावायची. रतनबाई विधवा, म्हणून दाराआड उभ्या होत्या. पायल पाटावरून उठली, आईचा हात धरून तिला पुढं ओढलं आणि पहिली हळद तिच्याकडून लावून घेतली. माझ्या भावानं ते सगळं टिपलं होतं.

"का काढायचं?" मी विचारलं.

"पाचपरतावनाला पोर म्हायारी येती, संगं व्याही येत्यात. त्यांच्याम्होरं लावायची हाय शीडी. तुला आमच्यातलं न्हाई कळायचं, लैला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भाऊ, तुमच्या लग्नाची कॅसेट माझ्या अब्बांनी काढली. तुमच्यातलं मला तोंडपाठ आहे. आणि बाईला मागे सारणारे आमच्यातही कमी नाहीत, त्यामुळे हे तर फारच चांगलं कळतं."

"सांगितलं तेवढं कर. न्हाईतर गावातलं एक लगीन तुला मिळू देनार न्हाई," असं बजावून ते गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रतनबाई आल्या. लोणावळ्याला चिक्कीच्या पॅकिंगचं काम करतात, तिथून लोकलनं थेट माझ्याकडे. मला वाटलं, भांडायला आल्या. कसलं काय!

"काडून टाक बाई. माज्यापायी पोरीला बोल नको लागाया."

खरं सांगते, मला त्यांचाच राग आला. "काढते, मावशी. पण आधी बघून घ्या," म्हणून मी ती हळद कॉम्प्युटरवर लावली.

पडद्यावर रतनबाईंनी बोटं हळदीत बुडवली आणि तशीच धरून ठेवली. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं रतन, मागं सर." त्यावर पायलचा आवाज आला, "माजी आय मागं सरायची न्हाई. तुमी सरा."

रतनबाई माझ्याकडे वळल्या. "आसं म्हनली व्हय ती? वाजंत्रीत मला ऐकूच न्हाई आलं. परत लाव."

मी परत लावलं. त्यांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग पदरानं तोंड पुसून त्यांनी विचारलं, "ह्या शीडीत आदी काय येतं?"

"मी लावीन ते."

"मग ह्ये लाव. पैलं."

मी पहिलं लावलं. आणि वर एक गोष्ट माझ्या मनानं केली. सिनेमाच्या डिस्कवर सुरुवातीला ती कॉपी न करण्याची सूचना येते, कितीही बटणं दाबा, मनाईचा पंजा दिसतो आणि ती पुढं सरकत नाही. तसंच कुलूप मी हळदीला घातलं. ती चार मिनिटं संपेपर्यंत रिमोटनं पुढं जाता येणार नाही, मेनूही उघडणार नाही. त्यानंतर बाजीरावांचे सगळे सत्कार ठेवले, एक फेटासुद्धा कापला नाही. कामात खोट नको.

पाचपरतावणाच्या दिवशी दुपारी बाजीरावांचा फोन आला. "लैला, शीडी आडाकली! हळदीवरनं फुडं जात न्हाई. बटान दाबलं की टीव्हीवर नुसता हाताचा पंजा येतोय!"

"अडकली नाही, भाऊ. चार मिनिटं बघा, आपोआप पुढं जाईल."

"बंदच करतो मी!"

"करा. परत लावलीत की पहिली हळदच लागेल."

ते काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात मागून रतनबाईंचा आवाज आला. इतका मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"भावजी, त्यो रिमोट खाली ठिवा. माज्या पोरीला हळद मी लावलीया, बगू द्या व्याह्यांना. आन् आत्ताच सांगून ठिवते, धाकटीलाबी पैली मीच लावनार हाय."