लाल तोंडाचा पुरावा

पानगळ सुरू झाली की गावाबाहेरच्या रानात एरवी कुणी फिरकत नसे. यंदा मात्र पायवाटेवर माणसांची रीघ लागली होती. एका मेलेल्या झाडाच्या बुंध्याशी राखाडी अळंब्यांचे झुबके उगवले होते आणि बुंध्यावर बुंधेबाबा ठाण मांडून बसला होता. ही अळंबी जून झाली की विरघळते आणि तिच्यातून काळं पाणी ठिबकतं. बाबा ते बोटावर घेऊन गर्दीला दाखवत होता.

"बघा, पापाची शाई! ज्याने चोरी केली, तो हा अळंब्यांचा रस्सा प्यायला की तीन दिवसांत त्याचं तोंड लाल होणार, छाती धडधडणार, पोटातलं सगळं बाहेर पडणार! पुण्यवानाला काही होत नाही. त्याचं फक्त पोट भरतं!"

रस्सा फुकट असे. चोर सापडला की त्याला 'सोडवायला' घरचे पुन्हा बाबाकडेच येत, तेव्हा मात्र काही फुकट नसे.

त्या दिवशी गर्दीत सगळ्यांत पुढे सुतारांच्या वहिनी होत्या. सासूबाईंची सोन्याची बांगडी घरातून नाहीशी झाली होती. खाली सुतारकामाचा कारखाना, वर बिऱ्हाड, दिवसभर माणसांची ये-जा. कुणावर संशय घ्यायचा? "एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाकू," म्हणत वहिनींनी नवऱ्याला, धाकट्या दिराला आणि दोन्ही कारागिरांना रानात हाकलत आणलं होतं.

"वहिनी, जन्म गेला लाकडात," दीर हसून म्हणाला. "माणूस ओळखणारं लाकूड नाही पाहिलं कधी."

"प्या हो भाऊजी. माझ्यासाठी म्हणून प्या."

तो प्यायला. सगळेच प्यायले.

दुसऱ्या दिवशी भुशाने दिराला खोकल्याची उबळ आली. वहिनींनी कपाटातली खोकल्याच्या औषधाची बाटली काढली आणि सढळ हाताने, सांगितल्यापेक्षा दोन झाकणं जास्तच पाजली. थोड्या वेळाने रंधा मारता मारता दीर थांबला. त्याचं तोंड विटेसारखं लाल झालं होतं, मानही लाल. छातीवर हात दाबत तो खाली बसला आणि लाकडाच्या ढलप्यांवर भडाभडा ओकला.

"रस्सा बोलला!" एक कारागीर ओरडला.

दीर पूर्वी प्यायचा, पण दारू सोडून त्याला वर्षं झाली होती. तोंडाला वासही नव्हता. मग हे दुसरं काय असणार? नवरा भिंतीकडे बघत राहिला. सासूबाई म्हणाल्या, "माझ्याच पोटचा!" आणि वहिनी पुढे होऊन अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "भाऊजी, बांगडी कुठे ठेवलीत तेवढं सांगा. आम्ही बाहेर बोलणार नाही."

दिराने तोंड पुसलं, वहिनींकडे एकदा पाहिलं आणि तो घराबाहेर पडला. मित्राच्या लाकडाच्या वखारीत राहू लागला.

त्याच आठवड्यात सासूबाईंना खोकला झाला. वहिनी रिकामी बाटली घेऊन दवाखान्यात गेल्या. बोलता बोलता दिराची गोष्ट निघाली, तशी डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली.

"अळंब्या कशा होत्या? काळी शाई गळणाऱ्या? आणि हे औषध त्यानंतर दिलंत?"

"हो. का?"

"अहो, या औषधात अल्कोहोल आहे. बाटलीवर छापलंय. त्या अळंबीमुळे शरीराला अल्कोहोल पचवता येत नाही. ते अर्धवट पचून रक्तात साचतं, मग तोंड लाल, छातीत धडधड, ओकारी. अळंबी खाल्ल्यावर काही दिवस हे होऊ शकतं. गावात कुणी ना कुणी संध्याकाळी घोट घेतोच, म्हणून बाबाला चोर सापडतात. तुमच्या दिराने दारू घेतली नव्हती. ती तुम्ही पाजलीत."

वहिनींनी रिकामी बाटली फिरवून तिच्यावर छापलेलं वाचलं. रस्सा त्यांच्या हट्टाचा, औषध त्यांच्या हातचं, आणि चोर ठरला तो. त्या रात्री त्यांना अन्न गोड लागलं नाही. स्वतःची लाज वाटत होती, आणि ती नुसती घरात बसून जाणारी नव्हती.

दोन दिवसांनी त्या डॉक्टरीणबाईंना घेऊन रानात गेल्या. "तुमची तब्येत ठणठणीत आहे म्हणून मी हे करू देतेय, पण औषधाचं एकच झाकण," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. वहिनींनी सगळ्यांसमोर रस्सा घेतला. बराच वेळ गेल्यावर त्यांनी औषध घेतलं आणि त्या उभ्या राहिल्या. बघता बघता गाल तापले, कान तापले, काळीज घशाशी आलं.

"सापडली!" बुंधेबाबा गरजला. "दिराच्या नावाने हिनेच बांगडी लाटली!"

गर्दी वहिनींवर सरकली. कालपर्यंत दिराला चोर म्हणणारेच आता त्यांच्याकडे बोट दाखवत होते. डॉक्टरीणबाई त्यांची नाडी धरून मोठ्याने म्हणाल्या, "बाबा, तुम्ही तर पुण्यवान. हा रस्सा घ्या, हे औषध घ्या. तुमचं तोंड लाल झालं नाही तर मी दवाखाना बंद करते."

इतका वेळ तोंडाचा पट्टा चालू ठेवणाऱ्या बुंधेबाबाने ओठांवर बोट ठेवलं. त्याला म्हणे एकाएकी मौन लागलं होतं.

"बाबांना कधी रस्सा पिताना पाहिलंय का कुणी?" मागून एका म्हातारीने विचारलं. कुणीच पाहिलं नव्हतं. मग डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचं वाचून दाखवलं, अळंबीचा गुण समजावून सांगितला. अजून ओठांवर बोट धरूनच बाबाने झोळी उचलली आणि तो झाडीत दिसेनासा झाला. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला तर त्याला आधी स्वतःवर करून दाखवायला सांगा, एवढंच डॉक्टरीणबाईंचं म्हणणं होतं.

धडधड ओसरल्यावर वहिनी तडक वखारीत गेल्या. दीर फळ्या रचत होता.

"भाऊजी, चूक माझी होती. औषधानेच झालं ते. मी आज सगळ्यांसमोर करून दाखवलं. बांगडी सापडो न सापडो, आता तुम्हाला कुणी चोर म्हणणार नाही."

त्याने हातातली फळी खाली ठेवली. रागावलेला दिसला नाही, आणि त्यामुळेच वहिनींना जास्त अवघड झालं.

"चोर म्हणालात, ते मी विसरेन, वहिनी," तो म्हणाला. "पण तेव्हा मला वाटलं होतं, मी मरतोय. एवढी घरची माणसं भोवती उभी होती. बांगडी सगळ्यांनी विचारली. डॉक्टरला बोलवा, असं एकालाही का नाही वाटलं?"